दुल्सीनसाठी आणलेला पाद्री

हे मी कुमसारालाही कधी सांगितलं नाही. कुमसार म्हणजे पाद्रीसमोर गुडघे टेकून, जाळीआडून आपली पापं सांगणं – आमच्यात लहानपणापासून करायला लावतात. मी आयुष्यभर केलं. खोटं बोलले, शुक्रवारी मटण खाल्लं, शेजारणीचा हेवा केला – असली बारीकसारीक पापं सांगत आले, आणि ही एक गोष्ट जिभेखाली धरून उठत आले. पाद्री बदलत गेले, मी म्हातारी होत गेले. गोष्ट तशीच राहिली.

आता तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? तुम्ही दुल्सीनला पाहिलेलं नाही, म्हणून असेल. ज्यांनी तिला पाहिली होती ते तिच्याबद्दल बोलताना अजून आवाज खाली आणतात. म्हणतात, मोठी धर्माची बाई. बिचारी पाद्रीविना गेली.

बिचारी! हा शब्द ऐकला की माझ्या दाताखाली अजून खडा येतो.

पण दुल्सीनपासून सुरुवात करून चालणार नाही. आधी इजूमावशी सांगायला हवी. तिच्यासाठीच तर – नाही, हे असं म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं. ‘तिच्यासाठी’ म्हटलं की अर्धी माफी आपली आपणच घेतल्यासारखं होतं.

मावशीचं नाव इझाबेल. माझ्या आईची, म्हणजे मांयची, धाकटी बहीण. माझा बाप तारवटी होता, गोऱ्यांच्या बोटीवर भटारखान्यात कामाला. मी चालायला लागायच्या आधीच तो एडनच्या बाजूला कुठंतरी तापानं गेला, आणि त्याला तिथंच समुद्रात सोडला असं मांयला कळवण्यात आलं. तेव्हापासून घरात आम्ही तिघीच. राहायला भाट्यात. मधे खाडी, पलीकडे रत्नागिरी शहर, आणि शहरात आमचं चर्च. पूल नव्हता. माणसं होडीनं ये-जा करायची. त्या होडीला आम्ही ‘तर’ म्हणत असू. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं तर तरीतूनच, चपला हातात घेऊन.

मांय मासळी खारवायची, आमसुलं घालायची, बाळंतिणींना न्हाऊ घालायची. अंगानं आडवी, बोलायला कमी. मावशी अगदी उलट. तिच्याकडे हातानं चालवायचं शिवणाचं मशीन होतं. जमिनीवर मांडी घालून बसायची, उजव्या हातानं चाक फिरवायची, डाव्यानं कापड सरकवायची, आणि चाकाच्या तालावर चर्चमधली लॅटिन गाणी म्हणायची. अर्थ एका शब्दाचा ठाऊक नव्हता. मी विचारलं तर म्हणायची, देवाला कळतं, तुला कशाला कळायला हवं?

गावातल्या ब्राह्मणांच्या बायका तिच्याकडून पोलकी शिवून घेत. शिवलेलं पोलकं ती ओट्याच्या कडेला ठेवायची आणि मागं सरायची. मग आतली बाई त्याच्यावर पाणी शिंपडून ते उचलायची. मावशीला याचं काही वाटायचं नाही? की वाटायचं, आणि ती दाखवायची नाही? घरी येताना मला म्हणायची, “बघितलंस सेसू? माझी पोलकी बाप्तिस्मा घेऊन घरात जातात.” आणि तोंडावर हात ठेवून हसायची. तिचा पुढचा एक दात किंचित आडवा होता, तो लपवायला.

मला वाटतं, मी त्या काळात तिच्याइतकं प्रेम मांयवरही करत नव्हते. हेही मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

आता दुल्सीन. भाट्यातलंच घर, पण आमच्यासारखं कुडाचं नव्हे – चिऱ्याचं, पुढं माड, मागं पोफळी. नवरा कचेरीत कारकून होता, तो लवकर वारला. दोन मुलगे आफ्रिकेला. चर्चमधल्या सायबीणीची, म्हणजे मरियामातेच्या मूर्तीची, सगळी उस्तवार दुल्सीनकडे असायची. मूर्तीचे झगे, मूर्तीचे दागिने तिच्या घरी पेटीत. सणाला तीच ते बाहेर काढणार, तीच परत ठेवणार. त्या पेटीची चावी ती गळ्यातल्या क्रुसाबरोबर घालायची, आणि लोक त्या चावीलाही क्रुसासारखाच मान द्यायचे.

तिला एक धाकटा भाऊ होता, कायतान. बोटीवर होता. सुट्टीवर आला की आमच्या ओट्याशी घुटमळायचा. विजारीची बटणं त्याची सारखी कशी तुटत, देव जाणे. मावशी ती लावून द्यायची. दोघांचं ठरलं. मांयनं हो म्हटलं. दुल्सीनला मात्र भावासाठी शिवणकाम करणारी पोर नको होती. तिनं तसं तोंडानं कधी म्हटलं नाही. ती म्हणायची, घाई कशाला?

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. सप्टेंबरात सायबीणीचा सण येतो, त्या सणाला मूर्तीला नवा झगा शिवायचा होता. दुल्सीननं तो मावशीला दिला. माप घ्यायला मूर्तीवरचा जुना झगा आणि दागिने उतरवले, ते मावशीनंच. नवा झगा चढवला, दागिने घातले, तेही मावशीनंच. मी टाचण्यांची डबी धरून शेजारी उभी होते. सण झाला. मग सगळं पेटीत परत जाताना दुल्सीनच्या ध्यानात आलं, की एक सोन्याची साखळी नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात, सगळी माणसं उभी असताना, ती म्हणाली, “सायबीणीच्या अंगाला एकाच बाईचा हात लागला. काय ते तिनंच सांगावं.”

मावशी आधी हसली. तिला ती थट्टा वाटली. मग तिनं कायतानकडे पाहिलं. कायताननं आपल्या बुटांकडे पाहिलं. माझी बोटं मावशीच्या हातात होती. तो हात इतका गार पडला, की मी माझी बोटं काढून घेतली. हे मला अजून छळतं – मी माझी बोटं काढून घेतली.

दुल्सीन पोलिसात गेली नाही. म्हणाली, देवाच्या घरची गोष्ट, चावडीवर कशाला न्यायची. लोकांनी तिची वाहवा केली, काय मन आहे बाईचं! पण पोलीस आले असते तर बरं नसतं का झालं? घराची झडती झाली असती, काही सापडलं नसतं, आणि मावशी सुटली असती. दुल्सीनच्या त्या मोठ्या मनानं मावशीला कायमची चोर करून ठेवली.

आठवड्याभरात बायका आपापली कापडं परत न्यायला आल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. कुणी म्हणालं, यजमान नको म्हणतात. कुणी म्हणालं, मुलीचं लग्न पुढं गेलं. अर्धवट शिवलेली पोलकी, टाचण्या लावलेल्या बाह्या, नुसती बेतलेली कापडं – सगळं मावशीनं घडी करून हातात दिलं. शेवटी मशीनवर काही उरलं नाही. ती रिकाम्या मशीनचं चाक फिरवत बसायची. गाणं नव्हतं.

कायतान पुढच्या बोटीनं गेला. दोन वर्षांनी गोव्याकडची बायको घेऊन आला.

मावशी मुंबईला गेली. एका पारशी कुटुंबात मुलं सांभाळायला. रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर आम्ही तिला पोचवायला गेलो. आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून तिथवर जावं लागायचं. पडाव लाटांवर वरखाली होत दूर गेला आणि मी ओरडत राहिले. मांयनं मला उचललं नाही की गप्प केलं नाही.

चार-पाच वर्षांनी मावशी त्याच बंदरात उतरली. मी ओळखलं नाही तिला. खोकताना दोन्ही हात छातीशी धरायची. मांयनं पडवीत तिची खाट टाकली, भांडी वेगळी केली, आणि मला जवळ जायची बंदी. मी जायचेच. त्या दिवसांत एकदा मावशी मांयला म्हणाली, मी दाराआड होते,

“रोझाबाय, मी आठवून आठवून बघितलं गो. मी ती कुठं ठेवली असेन?”

कळतंय का तुम्हाला? तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की तिच्या हातून काही झालं असेल. इतकी वर्षं मुंबईत दुसऱ्यांची पोरं झोपवताना ती तो झगा पुन्हा पुन्हा उतरवत होती, पुन्हा पुन्हा चढवत होती, आणि साखळी शोधत होती. नाव गेलं, लग्न मोडलं, गाणं बंद पडलं – ते मी एक वेळ सोडलं असतं. पण दुल्सीननं तिच्याकडून तिचा स्वतःवरचा भरवसाही काढून घेतला. मला तेव्हा राग आला असं म्हणणं फार थोडं आहे. माझ्यात काहीतरी दही विरजल्यासारखं घट्ट झालं.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी मावशी गेली. चर्चच्या मागे कबरस्थानात पुरली. दुल्सीन आली होती, काळं नेसून, चावी गळ्यात. रिवाजाप्रमाणे तिनंही मूठभर माती खड्ड्यात टाकली. ती माती मावशीच्या पेटीवर पडल्याचा आवाज मी ऐकला आणि मनात म्हटलं, हिला मी सोडणार नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं केलेली असली प्रतिज्ञा किती टिकते? माझी टिकली. मी शिकले, गावातल्या लहान मुलांना शिकवायला लागले, लोक मला ‘बाई’ म्हणू लागले, आणि रोज संध्याकाळी मांयच्या शेजारी बसून मी जपमाळ ओढायचे. मांय प्रार्थना करायची. मी मणी ओढत मागायचे, तिला मरण दे, पण सोपं देऊ नकोस. प्रत्येक मण्याला हेच.

आणि देवानं ऐकलं – निदान मला तरी तसं वाटलं. काही वर्षांनी दुल्सीनचं अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं. मुलगे आफ्रिकेत. कायतान बोट सोडून गावी येऊन राहिला होता, पण त्याच्या बायकोला आजाऱ्याची घाण काढायला किळस यायची. गड्यामाणसांनी काही दिवस केलं आणि सोडलं. मग तिची सेवा करायला कोण जायला लागलं? माझी मांय.

मी मांयशी तेव्हा जशी भांडले तशी आधी नाही आणि नंतरही नाही. मी म्हटलं, जिनं तुझ्या बहिणीला मारलं तिचे पाय चेपतेस? मांय चुलीपाशी होती. तिनं मागं वळून न बघता म्हटलं, “तिला पाणी पाजायला कोणी नाही गो.” एवढंच. पेज घेऊन निघून गेली.

मांयला राग नव्हता असं नाही. मी तिला कबरस्थानात पाहिली होती. गवत उपटताना ती मुळासकट उपटायची. पण तिचा राग एका खोलीत आणि दुसऱ्याची तहान दुसऱ्या खोलीत, असं काहीतरी तिच्यात होतं. माझं घर एकाच खोलीचं होतं.

उन्हाळ्याचे दिवस. एका दुपारी मांय दुल्सीनच्या घरून धावत आली. पाय अनवाणी. दुल्सीनचं लक्षण ठीक नाही, ती सारखी पाद्री मागतेय. कायतान आंब्याच्या कलमांच्या कामाला गावाबाहेर गेलेला. मांय म्हणाली, “सेसू, असशील तशी जा. पाद्रीला घेऊन ये. तिला कुमसार करायचाय. आत्ता भरती आहे, तर लगेच मिळेल.”

मी गेले. वाटेत रेंगाळलेही नाही. तर चालवायचा दाऊदचाचा – म्हातारा, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं, मला पाळण्यातली असल्यापासून ओळखणारा. दुसरं कुणी उतारू नसताना माझी घाई बघून त्यानं एकटीसाठी होडी सोडली. पलीकडे उतरले, चढण चढून चर्चपर्यंत गेले. पाद्रीच्या घराचं दार समोर होतं. उघडं होतं. आत त्याची खुर्ची दिसत होती, खुर्चीवर त्याचा झगा.

हाक मारली असती तर पुरे होतं.

मी वळसा घातला आणि मागच्या कबरस्थानात गेले. मावशीच्या क्रुसाशेजारी बसले.

इथं मला थांबावंसं वाटतं. पण इथंच तर सांगायचं आहे. माझ्या हातून उशीर झाला नाही. मला घेरी आली नाही, ऊन लागलं नाही. मी ठरवून बसले. आमच्यात मरताना पाद्री न मिळणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं – माणूस आपली पापं पाठीवर घेऊन जातो, आणि ती उतरवायला पुढं कुणी नसतं. मला तेच हवं होतं. दुल्सीननं त्या खोट्या आळाचं पाप पाठीवर घेऊन जावं. स्वर्गाच्या दारात उभं राहून तिनं आत या म्हणायची वाट बघावी, आणि आतून कुणी म्हणू नये.

आणि मला बरं वाटत होतं. खरं सांगते. काजूच्या झाडाची सावली होती, खालून खाडीवरचा वारा येत होता. मी मावशीशी बोलले. म्हटलं, बघ, ती तिथं तळमळतेय आणि मी इथं तुझ्यापाशी बसलेय. इतकं हलकं मला मावशी गेल्यापासून वाटलं नव्हतं. पाद्री एकदा बाहेर आला, आडावर तोंड धुऊन आत गेला. मी क्रुसाआड खाली वाकले.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा मी उठले, पदर सारखा केला, आणि धापा टाकत त्याच्या दारात गेले. धाप खोटी होती. पाद्री नुकताच परदेशातून आलेला, मराठी त्याला धड कळत नव्हतं. पण ‘दुल्सीन’ आणि ‘मरते’ एवढं कळलं. बिचारा मरणाऱ्याला लावायच्या तेलाची कुपी घेऊन माझ्यापुढं धावत उतरला. होडीत दाऊदचाचानं मला विचारलं, येवढा उशीर का गो? पाद्री डोळे मिटून पुटपुटत होता.

दुल्सीनच्या दारात पोचलो तेव्हा आत बायकांचा आवाज चालू होता. ती थोड्याच वेळापूर्वी गेली होती. पाद्रीनं तरी तेल लावलं, प्रार्थना म्हटली. मांय कोपऱ्यात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा कळलं नाही.

कायतान बागेतून आला होता. त्यानं मला विचारलं, दुपारी निघालीस आणि आत्ता? आणि मी म्हणाले – हे मी आधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप जिभेवर आलं – मी म्हणाले, तर नव्हती. दाऊदचाचा होडी पलीकडे लावून कुठं गेला होता. मी काठावर ओरडत बसले.

दुसऱ्या दिवशी पुरून आल्यावर कायतान चार माणसं घेऊन खाडीवर गेला. दाऊदचाचाला दोन थोबाडीत मारल्या असं नंतर कळलं. म्हातारा तसाच आमच्या अंगणात आला. मांयला म्हणाला की पोरीला मी दुपारीच नेलं, पाणी भरलेलं होतं, एकटीला घेऊन गेलो. शपथ घेतली. मागोमाग कायतान आणि ती माणसं. मी दारात उभी होते. मांयनं माझ्याकडे तोंड केलं.

“सेसू, माझ्याकडं बघून सांग.”

मी बघितलं. तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, “तो खोटं बोलतोय, मांय.”

दाऊदचाचा मांयकडे वळला. मांयला एवढंच म्हणाला, “तुजी पोर हाय, बाय. मी काय बोलू?” आणि गेला. मी बाई होते, मुलांना शिकवणारी. तो होडी वल्हवणारा. कुणाचं खरं मानायचं याला कुणाला वेळ लागला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर तर त्याच्याकडे राहिली नाही. गावानं ओरड केली, ती दुसऱ्याला मिळाली. दाऊदचाचा मांडवीला पडावांवरची पोती उतरवायला जाऊ लागला, त्या वयात. एकदा मी त्याला पोत्याखाली वाकलेला पाहिला. मी वाट बदलली.

लोकांसमोर एका निरपराध माणसावर आळ घालणं – हे मी कुणाकडून शिकले, ते तुम्हाला कळलं असेल. मलाही कळलं होतं. त्याच दिवशी, अंगणातच कळलं होतं.

पण याच्यावर अजून एक आहे.

दुल्सीनला जाऊन महिना झाल्यावर तिच्यासाठी मिस्सा झाला, त्यानंतरची गोष्ट. मांय मागल्या दारी भाकरीची खापरी घासत होती. घासता घासता थांबली आणि मला म्हणाली की तुला एक सांगायचंय. मग तिनं सांगितलं. त्या दुपारी मला पाठवून ती परत दुल्सीनपाशी गेली. दुल्सीनचं बोलणं कळत नव्हतं, पण मांयला इतक्या दिवसांत त्याची सवय झाली होती. दुल्सीन म्हणाली, साखळी मला मिळाली. जुन्या झग्याच्या अस्तरात अडकली होती. त्याच वर्षी, इजू मुंबईला गेल्यावर. तेव्हा मी सगळ्यांना काय तोंड दाखवणार? मी ती खाडीत टाकली. आता पाद्री येऊ दे, गावातल्यांना बोलाव, त्याच्यासमोर सगळ्यांना सांगते. इजूचं नाव धुऊन जाते.

मांयनं शेजारपाजारच्यांना बोलावणं पाठवलं. बायका येऊन ओट्यावर बसल्या. दुल्सीन दाराकडे डोळे लावून होती. ती पाद्रीशिवाय सांगायला तयार नव्हती; शेवटपर्यंत तिला तो मान हवाच होता – तेलाचा, प्रार्थनेचा. बायका ताटकळल्या. आणि मग तिची वाचाच गेली. दाराकडे बघत बघत गेली.

मांय पाद्रीकडे जाऊन आली होती. दुभाष्याकरवी सगळं सांगितलं. पाद्री म्हणाला, मेलेल्या बाईवर मी असं कसं बोलू? तिच्या तोंडून ऐकलेलं दुसरं कुणी आहे का? कुणी नव्हतं. फक्त मांय, चोर ठरलेल्या बाईची सख्खी बहीण. साखळी खाडीच्या गाळात.

“मीच चुकले,” मांय म्हणाली. “सकाळीच तिचा श्वास बदलला होता. मी तुला सकाळी पाठवायला हवं होतं.”

मी तिच्यासमोर उभी होते. हातात पाण्याची कळशी होती. तेव्हा सांगायला काय लागत होतं? पाच-सहा शब्द. मी कळशी रिकामी केली आणि खापरी विसळायला लागले.

म्हणजे बघा. मावशीचं नाव स्वच्छ होणार होतं, आणि ते मी होऊ दिलं नाही. दुल्सीननं ते एकदा मळवलं, मी ते कायमचं मळकं ठेवलं. आजही आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका साखळीची गोष्ट सांगतात, आणि त्यात चोर इजूच असते. मी ऐकते. मी मान हलवत नाही, पण उठूनही जात नाही.

दुल्सीनवरचा राग गेला का? नाही. हे सांगून तो जाईल असं वाटलं होतं, तोही भ्रम निघाला. तिनं मरताना खरं सांगायचं ठरवलं म्हणून ती माझ्या लेखी सुधारत नाही. इतकी वर्षं गप्प राहिली, मावशीच्या पेटीवर माती टाकतानाही गप्प राहिली, आणि स्वतःच्या जिवाशी आल्यावर तोंड उघडायला निघाली. आज पुन्हा ती दुपार आली तर मी काय करेन? मावशीसाठी पाद्रीला हाक मारेन, असं म्हणायला हवं. पण दुल्सीनचे ते दाराला लागलेले डोळे आठवले की माझ्या पोटात अजून काहीतरी तृप्त होतं. हेही सांगायचं होतं.

मांय त्यानंतर दर शुक्रवारी निर्जळी उपास करायला लागली. दोन जीव माझ्यामुळं अडकले म्हणायची, एक वरती आणि एक लोकांच्या तोंडात. मी म्हणायचे, पुरे कर. ती ऐकायची नाही. अंगानं आडवी बाई, हळूहळू तिची हाडं दिसायला लागली. उन्हात आमसुलं पसरता पसरता बसायची. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं.

त्या सकाळी मी धावले. तरीवर नवा माणूस होता. मी त्याला ओरडून ओरडून होडी सोडायला लावली, चढण पळत चढले, पाद्रीचं दार दोन्ही हातांनी वाजवलं. उन्हं वर यायच्या आत त्याला घेऊन आले. मांय शुद्धीत होती. पाद्रीला बघून तिचा चेहरा सैल झाला. तोवर त्याला मराठी चांगलं यायला लागलं होतं. त्यानं मला बाहेर जायची खूण केली, आणि दार ओढून घेतलं.

आत कुमसार चालू होता. शब्द ऐकू येत नव्हते, फक्त मांयचा आवाज, मधेच थांबणारा. ती काय सांगत होती, ते मला ठाऊक होतं. उशीर आपल्या हातून झाला, दुल्सीन आपल्यामुळं पाद्रीविना गेली, इजूचं नाव आपल्यामुळं धुवायचं राहिलं – माझं पाप ती आपलं म्हणून सांगत होती, आणि पाद्री तिला त्याची माफी देत होता.

मी दाराबाहेर उभी होते. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. मी आत गेले नाही.